चिमटीतही न मावणारे सेलेनियम



सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, आणि आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले! समोर डॉक्टर मंडळीही बसली आहेत, तेव्हा उपदेश न करता थोडी माहिती आणि थोडे आकडे मांडतो.

२०२० च्या कोविडपासून 'इम्युनिटी' हा शब्द आपल्या घराघरांत शिरला, आणि त्याबरोबर गोळ्यांच्या बाटल्याही. त्यांपैकी बऱ्याच बाटल्यांवर एक नाव असते : सेलेनियम. एनएचएसच्या मते पुरुषाला याची रोजची गरज ७५ मायक्रोग्रॅम आणि स्त्रीला ६०. म्हणजे ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी! पण एवढ्याशा सेलेनियमवाचून शरीरातली काही महत्त्वाची प्रथिने तयारच होत नाहीत. जंतूंशी लढताना पेशींमध्ये जे दाहक पदार्थ तयार होतात, त्यांपासून आपल्याच पेशींना वाचवण्याचे काम यांतली काही प्रथिने करतात.

गंमत म्हणजे सेलेनियम पिकात येते ते जमिनीतून. अमेरिका-कॅनडाच्या गव्हात ते भरपूर, इथल्या आणि युरोपातल्या गव्हात कमी. १९७३ साली ब्रिटन युरोपीय बाजारपेठेत सामील झाले, पुढे तिकडचा गहू कमी झाला. १९७० च्या दशकात इथल्या माणसाच्या पोटात रोज सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास सेलेनियम जायचे, ते १९९० च्या दशकात ३०-४० वर आले. सरे विद्यापीठाच्या प्रा. मार्गारेट रेमन यांनी याकडे वारंवार लक्ष वेधले. फिनलंडने तर १९८४ पासून खतातच सेलेनियम मिसळायला सुरुवात केली.

मग गोळ्या घ्याव्यात का? लिव्हरपूलच्या संशोधकांनी सेलेनियम कमी असलेल्या ६६ जणांवर एक प्रयोग केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ आठवडे काहींना सेलेनियम, काहींना नुसती बिनऔषधी गोळी, आणि मध्येच सर्वांना पोलिओची तोंडी लस. सेलेनियमवाल्यांच्या शरीरातून लसीतला विषाणू लवकर बाहेर पडला, आणि त्याची रूपेही कमी बदलली. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्विचच्या फ्लू-लसीच्या अभ्यासात परिणाम संमिश्र निघाले, काही चांगले, काही उलटे. तेव्हा कमतरता असेल तर भरून काढावी, पण जास्त घेतले म्हणजे जास्त ताकद, असे गणित इथे चालत नाही.

याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव परिसरातल्या गावांमध्ये, अडीचशेहून अधिक लोकांचे केस अचानक गळू लागले. काहींना तर दोन-चार दिवसांत टक्कल पडले. कॉलेजच्या मुली घराबाहेर पडेनात, ठरलेली लग्ने अडली. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले, रक्ताचे, केसांचे आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले. सेलेनियम प्रमाणाबाहेर निघाले, आणि त्यांनी बोट दाखवले रेशनच्या गव्हाकडे.

बघा मंडळी, तीच पोळी; इथे सेलेनियम कमी पडते, तिथे उतू गेले!

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. मासे, अंडी, मांस खाणाऱ्यांची गरज बहुधा जेवणातून भागते. शाकाहारी घरांनी जरा लक्ष द्यावे. ब्राझील नटमध्ये सेलेनियम भरपूर असते, म्हणूनच एखाद-दुसरा पुरे, काजूसारखी मूठ भरू नये. दोन-तीन बाटल्या एकदम चालू असतील तर लेबलांवरच्या सेलेनियमची बेरीज करा. गोळ्यांतून दिवसाला ३५० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे एनएचएस सांगते. शंका असेल तर जीपींना विचारा.

आजच्या निधीतला काही वाटा गावाकडच्या आरोग्य तपासणीसाठी जाणार आहे. शेगावचे कोडे तपासणीमुळेच उलगडू लागले, हे लक्षात ठेवून सढळ हाताने द्यावे, ही विनंती.