दाटीचा रोग



कामगार चळवळीतल्या माणसाने माशांच्या रोगावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण दाटी, घाण पाणी आणि साथ हे त्रिकूट आम्ही चाळींतून पुष्कळ पाहिले आहे.

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यात भिगवणच्या बाजूस शेतकऱ्याच्या जोडीला कोळीही पोट भरू लागला. आज बारामती-इंदापुरात शेततळ्यांतूनही कटला, रोहू पाळतात. अशा तळ्यात मर लागली, की लोक दैवाला बोल लावतात.

खरे कारण काय? एरोमोनास नावाचा जंतू गोड्या पाण्यात नेहमीच असतो. निरोगी माशाच्या आतड्यातही असतो. अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत असेपर्यंत तो सहसा काही करू शकत नाही. पण तळ्यात बेसुमार बीज सोडले, की उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजते, प्राणवायू घटतो. उन्हाने तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी मावतो. पहाटे मासे वर येऊन धापा टाकू लागतात. अशा दुबळ्या, जाळ्याने खरचटलेल्या अंगात जंतू शिरतो. मग लाल चट्टे, व्रण, पाण्याने फुगलेले पोट. मेलेला मासा तिथेच राहिला, तर त्याच्या देहातून असंख्य जंतू पाण्यात उतरतात.

पुढचा प्रवास आपणच घडवतो. ओले जाळे, रोगट बोटुकली, ओढ्यात सोडलेले पाणी. भाव पडेल या भीतीने एक मालक गप्प बसला, तर दहा शेजारी बुडतात. विचारल्यावाचून प्रतिजैविके ओतल्याने औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे उरतात, आणि तेच औषध उद्या आपल्या मुलांनाही लागू पडत नाही.

म्हणून बीज बेताने सोडा. मेलेला मासा त्याच दिवशी काढून चुना घालून पुरा. जाळे उन्हात कडकडीत वाळवा. नवे बीज काही आठवडे निराळे ठेवा. आणि मर लागली, की त्याच दिवशी शेजाऱ्याला सांगा.

शेततळ्याचा मालक एवढे करू शकतो. उजनीवरचा कोळी मात्र एकटा काय करणार? पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून त्याच्या जाळ्याखाली येते. ते शुद्ध करून सोडा, अशी मागणी त्याला संघटित होऊनच करावी लागेल, आणि तेच पाणी वापरणाऱ्या आपण गावकऱ्यांनी त्याच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. जंतू तळ्याचा बांध ओळखत नाही. मग आपण तरी तो कशाला मानायचा?