दुरून मिळणारा धीर
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



परप्रांतात वाढणारी आपली मुले दोन-तीन भाषा सहज बोलतात. परंतु मन जड झाले म्हणजे पुष्कळांना शब्द सुचतात ते घरच्या भाषेतले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मनोपचाराचा विषय मी आज मंडळापुढे मांडतो आहे, तो याच कारणासाठी.

२०२० साली महासाथीमुळे महाविद्यालये बंद पडली, वसतिगृहे ओस झाली. त्याच वर्षी २५ मार्च रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि डॉक्टरांनी दूरध्वनीवरून वा पडद्यावरून सल्ला देण्यास नियमांची चौकट लाभली. पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य, अहोरात्र चालणारी सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवावा, भाषा निवडावी. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज भासल्यास तज्ज्ञाशी जोडून देतो. या भाषांत मराठीही आहे.

विद्यार्थ्यांना या सोयीने काय दिले? दवाखान्याच्या पायरीवर कोणी ओळखीचे पाहील, ही धास्ती गेली. सुटीत गावी गेले तरी नेहमीच्या समुपदेशकाशी बोलणे चालू ठेवता येऊ लागले. परंतु अडचण निराळीच निघाली. दोन खोल्यांच्या घरात, अलीकडे आजी आणि पलीकडे धाकटा भाऊ असता, मनातले बोलावे कोठे? कोणी गच्ची गाठतो, कोणी जिना. आवाज दबतो आणि मूळ गोष्टच सांगायची राहून जाते. शिवाय समोर बसलेल्याला जो हुंदका उमगतो, तो तुटक आवाजातून निसटतो. जिवावर बेतले असेल तेव्हा तर जवळच्या माणसाला व रुग्णालयाला पर्याय नाही.

म्हणून माझी विनंती पालकांना आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने उपचार घेणाऱ्यास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. घरात तो पाळणे आपल्या हाती आहे. ठरलेल्या वेळी एक खोली मोकळी करून द्या, दार लोटून घ्या आणि मागाहून “काय बोललास?” असे विचारू नका. सांगावेसे वाटले तर मूल आपणहून सांगेल.

ज्यांच्या घरी अशी खोली नाही, त्यांच्यासाठी मंडळाने आपल्या वास्तूतील एक खोली दुपारी मोकळी ठेवावी. पन्नास वर्षे या मंडळाने आपल्याला मराठीतून बोलण्यासाठी जागा दिली. आता आपल्या मुलांनाही ती लाभो, एवढीच प्रार्थना.