बैलगाडीतला कॅमेरा आणि खिशातला कॅमेरा

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्य बाजूच्या ओवरीच्या भिंतीवर, एक लांबलचक मराठी लेख कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी तो १८०३ मध्ये देवनागरी अक्षरांत कोरवून घेतला, आणि भोसले कुळाची हकीकत त्यात सांगितली आहे. चोळांनी बांधलेल्या देवळात, तमिळ मुलखाच्या ऐन मध्यावर, मराठी ओळींमागून ओळी वाचावयास मिळाव्यात, ही गोष्ट पुण्यामुंबईकडून गेलेल्या प्रवाशाला हेलावून टाकणारी आहे. साहजिकच त्याचा हात कॅमेऱ्याकडे जातो. आणि तेथेच त्याची अडचण सुरू होते. खिशातल्या फोनने टिपलेले चित्र घरी येऊन मोठे करावे, तर अक्षरांच्या कडा विरघळलेल्या दिसतात. चांगला कॅमेरा, दोनचार भिंगे आणि तिपाई घरून निघताना घेतली होती खरी. पण ते सहा किलोंचे ओझे सकाळच्या उन्हात खांद्यावर वागवण्याचा कंटाळा येऊन ती पिशवी लॉजवरच राहिलेली असते. देवळाच्या आवारात अनवाणी चालावे लागते आणि अकराच्या सुमारास तेथील फरशी अशी तापते की, तत्त्वाचा प्रश्न पायांच्या तळव्यांपर्यंत येऊन पोचतो. न्यावयास सोपा कॅमेरा घ्यावा की चित्र उत्तम देणारा?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण आजचा नाही. याच आवारात तो सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि ज्याच्यापुढे तो उभा राहिला त्याने दिलेले उत्तर आजही पाहावयास मिळते.

कॅप्टन लिनिअस ट्राइप हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास पलटणीतला अधिकारी. १८५५ मध्ये तो ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या वकिलातीबरोबर छायाचित्रकार म्हणून जाऊन आला होता, आणि पुढल्याच वर्षी मद्रास सरकारने त्याला आपला छायाचित्रकार नेमले. प्राचीन इमारतींची चित्रे नकाशे काढणाऱ्यांकडून रेखाटून घेण्याऐवजी या नव्या कलेने घ्यावीत, असे कंपनीच्या संचालकांचे म्हणणे त्या सुमारास पडले होते. १८५७ च्या अखेरीस ट्राइप दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला आणि श्रीरंगम, तिरुचिरापल्ली, मदुराई, पुदुक्कोट्टै, तंजावूर अशी ठिकाणे त्याने टिपली. तंजावूर तेव्हा नुकतेच पोरके झाले होते. दुसरे शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. एकोजी राजांनी सतराव्या शतकात स्थापलेल्या गादीचा शेवट होऊन तीन वर्षेही लोटली नव्हती, तोच हा अधिकारी बैलगाड्यांवर आपला कॅमेरा, रसायनांच्या बाटल्या, पात्रे आणि कागदांचे गठ्ठे लादून त्या शहरात शिरला.

बैलगाड्या कशाला, असे आज कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या काळच्या छापण्याच्या पद्धतीत आहे. निगेटिव्हवरून मोठे चित्र काढण्याची सोय तेव्हा व्यवहारात जवळजवळ नव्हती. निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात ठेवावयाची आणि चित्र उमटवावयाचे, एवढाच मार्ग होता. म्हणजे जेवढे चित्र हवे तेवढीच निगेटिव्ह, आणि जेवढी निगेटिव्ह तेवढीच कॅमेऱ्याची पेटी. ट्राइपची मोठी चित्रे साधारण दहा इंच रुंद आणि चौदा इंच लांब आहेत. तेवढी निगेटिव्ह पोटात घेणारी पेटी खिशात मावणार कशी?

परंतु पेटीच्या आकारापेक्षा महत्त्वाची निवड वेगळीच होती. १८५१ च्या सुमारास छायाचित्रकारापुढे दोन वाटा होत्या. एक काचेची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काढलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि ओला असतानाच ते उमटवून पक्के करावयाचे. चित्र असे बारीक येई की दगडावरचा टाका न् टाका मोजून घ्यावा. पण त्यासाठी काळोखा तंबू कॅमेऱ्याच्या शेजारीच हवा, पाणी हवे, आणि दहा-पंधरा मिनिटांत सारे उरकावयास हवे. मद्रासकडील उष्म्यात तो थर पाहता पाहता वाळे. शिवाय काच ती काच. गाडीचे चाक एका खड्ड्यात गेले की महिन्याची मेहनत वाया. दुसरी वाट कागदाची. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने मेण पाजलेल्या कागदाची युक्ती काढली होती. हा कागद आधी तयार करून ठेवता येई, चित्र घेतल्यावर सवडीने उमटवता येई, वजनाला हलका आणि न फुटणारा. त्याची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागे. कागदाच्या धाग्यांमुळे चित्रातला बारकावा काहीसा मऊ होई, आणि कागद मंद असल्यामुळे भिंग मिनिटांच्या हिशेबाने उघडे ठेवावे लागे.

ट्राइपने काचेचाही उपयोग केला. पण त्याचे नाव झाले ते मुख्यतः कागदी निगेटिव्हांवर. म्हणजे सोय आणि बारकावा यांच्या वादात या शिस्तीच्या लष्करी माणसाने पुष्कळदा सोयीच्या बाजूने कौल दिला! मात्र त्याने कागदाच्या उणिवांशी मोठ्या चातुर्याने जुळवून घेतले. कागदावर आभाळ कोरेच येत असे, म्हणून निगेटिव्हवर रंगाचा हात फिरवून त्याने ढग घातले. माणसे मिनिटभर स्थिर राहात नाहीत, म्हणून त्याने त्यांचा नाद सोडला आणि दगडाकडे लक्ष दिले. त्याचे तंजावूर जवळजवळ निर्मनुष्य दिसते ते या कारणाने. राज्य नुकतेच गेलेल्या शहराला ती शांतता शोभून दिसते, हा मात्र योगायोग.

लहान कॅमेराही त्याने टाकला नव्हता. एकाच देखाव्याची दोन किंचित वेगळी चित्रे शेजारी शेजारी घेऊन ती दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की देखावा खोलीसह उभा राहतो. त्या छोट्या जोडचित्रांची तंजावूर-तिरुचिरापल्लीची मालिकाही त्याने १८५८ मध्ये काढली. एकाच दौऱ्यात, एकाच माणसाने, दोन्ही मापे बरोबर बाळगली होती.

त्याचे खरे धाडस निराळेच आहे. राजराज चोळाने बांधलेल्या या देवळाच्या विमानाच्या पीठाभोवती तमिळ लेखांच्या रांगाच रांगा आहेत: दाने, दागिने, सेवक, नर्तकी, दिव्यांसाठी लागणारे तूप, असा सारा जमाखर्च. ते लेख संपादून छापण्याचे काम युजेन हुल्ट्श याने पुढे १८९० नंतर केले. ट्राइपच्या वेळी हे ज्ञान पुस्तकांत आले नव्हते. त्याने एवढेच ओळखले की लेख महत्त्वाचा आहे आणि एका चित्रात तो मावणार नाही. तेव्हा कॅमेरा पीठाच्या कडेने सरकवीत त्याने एकामागून एक चित्रे घेतली आणि अशी एकवीस चित्रे एकापुढे एक जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीची पट्टी तयार केली. एका चित्रात हवा तेवढा बारकावा मिळत नसेल तर अनेक चित्रे जोडावीत, हा धडा त्यात आहे, आणि त्याला ना मोठा कॅमेरा लागतो ना महाग भिंग. लागते ती चिकाटी.

या कामाचा शेवट काही गोड झाला नाही. १८५९ मध्ये सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर झाले. बंडानंतर तिजोरीची ओढाताण चालली होती, आणि सरकारी छायाचित्रण ही त्यांना चैन वाटली. खाते बंद झाले. ट्राइपने पुढे फारसे छायाचित्रण केले नाही. ओझ्याचा हिशेब केवळ पाठीवरच होत नसतो, तो खजिन्यातही होतो, हे कॅमेरा विकत घेणाऱ्या कोणत्याही गृहस्थाला सांगावयास नको.

काचेच्या बाजूचा माणूस पाहावयाचा असेल तर सॅम्युएल बोर्न पाहावा. १८६३ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि ओल्या काचा, तंबू, रसायने डझनांनी हमालांच्या पाठीवर देऊन हिमालयात शिरला. १८६६ मध्ये मनिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांच्या वर, त्याने चित्रे घेतली. ती अप्रतिम आहेत. पण त्यांतला अर्धा वाटा ज्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत अशा हमालांचा म्हणावयास हवा. आपले ओझे दुसऱ्याच्या पाठीवर असले म्हणजे बारकाव्याचा आग्रह धरणे सोपे असते.

हा सारा हिशेब उलटला तो चित्र मोठे करण्याच्या यंत्राने, आणि त्यावर शिक्कामोर्तब केले ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रज्ञाने. त्याची प्रकृती नाजूक होती, दम्याचा विकार होता, आणि जड कॅमेरा डोंगरावर नेणे त्याला झेपत नसे. सिनेमाच्या फिल्मवर २४ मिलिमीटर बाय ३६ मिलिमीटर एवढेच चित्र घेणारा कॅमेरा त्याने तयार केला; तो लायका या नावाने १९२५ मध्ये बाजारात आला. ट्राइपच्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ या चौकटीच्या सुमारे शंभरपट भरते. शंभरातले नव्याण्णव वाटे सोडून द्यावयाचे आणि चित्र हातचे जाऊ द्यावयाचे नाही, असा हा सौदा होता. जगाने तो स्वीकारला.

आज फिल्मच्या जागी सेन्सर आला आहे, पण सौदा तोच आहे. पूर्ण चौकटीचा म्हणतात तो सेन्सर बार्नाकच्याच मापाचा, ८६४ चौरस मिलिमीटरांचा. त्याखालचा सामान्य सेन्सर याच्या निम्म्याहून थोडा कमी, त्याखालचा साधारण पाव. फोनमध्ये बसणारा अगदी मोठा सेन्सर ‘एक इंची’ म्हणून विकतात; त्याची कोणतीही बाजू एक इंच नसते, हे नाव जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्याच्या नळीवरून आले आहे. त्याचे क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर, म्हणजे पूर्ण चौकटीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. पाऊस मोजावयास परात ठेवावी की वाटी, एवढाच यातला फरक. मुसळधार पावसात वाटीही भरते. तंजावूरच्या भर उन्हात प्रकाशाचा असाच पाऊस असतो. तेथे फोनचे चित्र आणि मोठ्या कॅमेऱ्याचे चित्र यांत सामान्य डोळ्याला भेद कळत नाही. बारा मेगापिक्सेलचे चित्र इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने छापले तर तेरा इंच बाय दहा इंच होते. ट्राइपच्या चित्राएवढेच म्हणा ना! फरक कळतो तो सायंकाळी ओवरीत, आणि गाभाऱ्याकडील अंधारात. फोन तेथे अनेक चित्रे झपाट्याने घेऊन त्यांची बेरीज करतो. ही बेरीज हुशारीची असते, पण कोरीव अक्षरांच्या बाबतीत ती कधी कधी खरबरीत दगडाला तुळतुळीत करून टाकते, आणि अभ्यासकाला हवा असतो नेमका तो खरबरीतपणा.

विमान टिपणे हे वेगळेच प्रकरण आहे. सुमारे साठ मीटर उंचीचे ते शिखर लहान कॅमेऱ्यात घेण्यासाठी कॅमेरा वर करावा लागतो आणि मग शिखर मागे कलल्यासारखे दिसते. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यात पेटी सरळ ठेवून भिंग तेवढे वर सरकवता येते. संगणकावर हा कल काढता येतो खरा, पण कडेचा भाग कापला जातो. आवार प्रशस्त आहे; पुरेसे मागे जाणे हा सर्वांत हलका उपाय.

याच्या उलट स्थिती विमानाच्या आतल्या अरुंद प्रदक्षिणामार्गात. तेथील चोळकालीन भित्तिचित्रे १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांच्या नजरेस पडली. नायककालीन चित्रांच्या थराखाली ती झाकलेली होती. तेथे मागे सरकावयास जागाच नाही, म्हणून संपूर्ण चित्र एका नजरेत येत नाही, मग कॅमेऱ्यात कोठून यावे? पुरातत्त्व खात्याने अलीकडे त्यांची तुकड्यातुकड्यांनी डिजिटल छायाचित्रे घेतली आणि ती जोडून अखंड चित्रे तयार केली. उत्तम यंत्रे हाती असूनही तेथे अखेर ट्राइपचीच पट्टी कामी आली.

आणि शहरातच सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे जे रुमाल आहेत, त्यांच्यापुढे हा वाद उद्भवतच नाही. कागद मेजावर पडलेला, कॅमेरा स्टँडवर बसवलेला. तेथे हलकेपणा काय करावयाचा? जेथे वस्तू कॅमेऱ्याकडे येते तेथे जड घ्यावा, आणि जेथे कॅमेऱ्याला वस्तूकडे चालत जावे लागते तेथे हातात राहील तो घ्यावा. मध्यम सेन्सरचा एक कॅमेरा आणि एकच बरे भिंग, मिळून किलोच्या आत, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. विकत घेण्यापूर्वी दुकानात चित्रे पाहण्याऐवजी तेवढ्या वजनाची पिशवी खांद्याला लावून तीन तास हिंडून पाहावे, म्हणजे निर्णय आपोआप होतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाई लावावयास परवानगी लागते, हेही ध्यानात असावे. ज्याचे बळ सारे तिपाईवर आहे अशा कॅमेऱ्याचा तेथे उपयोग काय?

राहिला तो मराठी लेख. ओवरीच्या सावलीत समोरून येणाऱ्या उजेडात कोरीव अक्षरे सपाट होतात. हातातला कॅमेरा कितीही मोलाचा असो, उजेड भिंतीला घासून, बाजूने आला नाही तर अक्षर उठत नाही. एखाद्या सोबत्याने हातबत्ती भिंतीलगत तिरपी धरावी; म्हणजे प्रत्येक कान्यामात्रेच्या एका कडेला सावली बसते आणि साध्या फोनलाही ओळ वाचता येते. मग भिंतीपासून सारखे अंतर राखून, एक एक पाऊल सरकत, प्रत्येक चित्रात मागल्या चित्राचा तिसरा हिस्सा येईल अशा बेताने सारा लेख टिपावा. दोनतीन तास लागतात. पाठ दुखते ती वाकून वाकून, ओझ्याने नव्हे.