घरचा पाव

१८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा नांवाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिच्या प्रमुखांपैकीं एक होते. जातिभेद मोडणें हा सभेचा हेतु, आणि नव्या सभासदाची परीक्षाहि त्याला साजेशीच होती. ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव त्याला खावा लागे. त्या एका घांसासाठीं बहिष्कार ओढवण्याची भीति होती. विहिरींत पाव टाकून गांवें बाटविल्याच्या कथा तर वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात.

आज वाशीच्या किंवा नेरुळच्या एखाद्या बिऱ्हाडांत ओट्यावर काचेची बरणी असते, आणि घरची मंडळी तींतील आंबवण वर आलें कीं नाहीं हें रोज सकाळीं पाहतात. पावणेदोनशें वर्षांत घडलेला हा पालट लहान नव्हे.

पाव हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यांत पोर्तुगिजांबरोबर ही विद्या आली. तेथील पदेरांना यीस्ट मिळत नव्हतें, तेव्हां त्यांनीं माडाच्या सुरेनें पीठ फुगविलें. वसई-साष्टीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतील फुगियाहि आंबवलेल्या पिठाच्याच. तथापि आंबवणें ही क्रिया मराठी घराला परकी कधींच नव्हती. आंबोळी, जिलबी व ताक-दहीं त्याच शास्त्रावर उभीं आहेत. परकी होती ती भट्टी. चूल खालून तापते. पावाला सर्व बाजूंनीं ऊब लागते. शिवाय नवी मुंबई ज्या भूमीवर वसली, तेथील आगरी-कोळ्यांचें अन्न तांदळाची भाकरी. गव्हांत ग्लुटेन म्हणून जो चिवट पदार्थ असतो, तो तांदळांत नाहीं. म्हणून भाकरीला उकड काढावी लागते, आणि तिचा पाव होत नाहीं.

२०२० च्या टाळेबंदींत पुष्कळ घरांनीं प्रथम पावाचें पीठ मळलें. यीस्ट दुकानांतून मिळेनासें झालें, तेव्हां आंबवणाकडे लक्ष गेलें. त्याची कृति सोपी आहे. ५० ग्रॅम कणीक व ५० ग्रॅम पाणी बरणींत कालवावें. रोज त्यांतील थोडें ठेवून बाकीचें काढावें व तितकेंच नवें पीठ-पाणी घालावें. काढलेलें पीठ फेंकण्याचें कारण नाहीं. त्याचीं धिरडीं उत्तम होतात. दुसऱ्या दिवशीं बरणींत मोठा फेंस येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं सारें निपचित पडतें. येथेंच बहुतेक नवशिके निराश होऊन बरणी घासून टाकतात. वस्तुतः पहिला फेंस भलत्याच जंतूंचा असतो. आंबटपणा वाढला कीं ते मरतात, आणि मग आम्लजनक जंतु व रानटी यीस्ट यांचा संसार सुरू होतो. सातव्या दिवसाच्या सुमारास, नवें पीठ घातल्यावर कांहीं तासांतच जें दुप्पट होतें, तें आंबवण तयार झालें म्हणावें.

दुसरी चूक घड्याळाची. पुष्कळशा कृति थंड देशांत लिहिलेल्या. त्यांत "पीठ रात्रभर ओट्यावर ठेवावें" असें असतें. तेथील ओटा २० अंशांचा असतो. ठाण्याच्या खाडीकांठीं वैशाखांतला ओटा ३० अंशांच्याहि वर जातो. तेथें जें काम बारा तासांत होतें, तें येथें पांच-सहा तासांत उरकतें. सकाळीं पाहावें तों गोळा आंबून पातळ झालेला, हाताला चिकटणारा, आणि भट्टींत घालतांच बसलेला. दोष पिठाचा नाहीं, करणाऱ्याचाहि नाहीं. हवेचा हिशेब चुकला एवढेंच. उन्हाळ्यांत पाणी थंड घ्यावें, आंबवण निम्में घालावें, आणि गोळा दीडपट होऊन हलवल्यावर थरथरूं लागला कीं तो वळून रात्रीं शीतकपाटांत ठेवावा. घड्याळ पाहूं नये, पीठ पाहावें.

प्रमाणें लक्षांत ठेवण्यास सोपीं आहेत. ५०० ग्रॅम पिठाला सुमारें ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ व १०० ग्रॅम आंबवण. मीठ चवीसाठीं असतें तसेंच आंबण्याला लगाम घालण्यासाठींहि असतें. चक्कीची कणीक मैद्यापेक्षां अधिक पाणी पिते, आणि तींतला कोंडा ग्लुटेनचें जाळें कापतो, म्हणून आरंभीं निम्मा मैदा व निम्मी कणीक घ्यावी. जाड बुडाचें, झांकणाचें लोखंडी भांडें २३० अंशांवर तापवून त्यांत गोळा टाकावा. झांकणाखालीं वाफ कोंडते, साल लवकर कडक होत नाहीं, आणि पाव मोकळेपणानें फुगतो. २५ मिनिटांनीं झांकण काढून आणखी २० मिनिटें भाजावा. बाहेर काढल्यावर तासभर तरी सुरी लावूं नये. आंत अजून शिजणें चालू असतें, गरम कापला तर तो चिकट लागतो. ज्यांना इतका धीर नाहीं त्यांनीं प्रथम ७ ग्रॅम कोरडें यीस्ट घालून साधा लादी पाव करावा. तीन तासांत हाताला पिठाची ओळख होते.

घरच्या पावाविषयीं अवास्तव बोलणेंहि बरें नव्हे. आंबवल्यानें गव्हांतील ग्लुटेन नाहींसें होत नाहीं. ज्यांना तें वर्ज्य आहे, त्यांना हाहि पाव वर्ज्यच. मैदा आंबवला तरी मैदाच राहतो. आणि यांत काटकसर तर मुळींच नाहीं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा पाव स्वस्त पडतो, आणि पहांटेपासून भट्टीपुढें उभें राहणाऱ्या त्या माणसाचे कष्टहि मोठे आहेत. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्यास सांगितलें, तेव्हां हवेचा प्रश्न जितका खरा होता, तितकीच त्या धंद्याची अडचणहि खरी होती. घरीं एकदां पाव केलेला माणूस बेकरींतल्या पावाची किंमत अधिक जाणतो, हा लाभ लहान नाहीं.

पहिला पाव बहुधा दगडासारखा होतो. तो पातळ कापून तव्यावर तुपांत परतावा, चहाबरोबर खावा, आणि त्याच संध्याकाळीं आंबवणाला पुन्हां पीठ घालावें. ज्या घरांत पोळी लाटली जाते, तेथें हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पहिली पोळी कोणाचीच गोल झालेली नसते, आणि म्हणून कोणी पोळपाट माळ्यावर टाकलेला नाहीं.