आपलें दुकान, आपली वही

(गांवांतील तरुण मंडळींपुढें एका शाळामास्तरानें दिलेलें व्याख्यान)



"धंदा हें आपलें काम नव्हे, तें शेटजींनींच करावें," असें अजूनहि गांवोगांवच्या पारावर ऐकूं येतें. हें बोलणें आपलें नाहीं. तें आपल्याला पढविलेलें आहे. ज्या महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढिला, ते बांधकामाचे ठेके घेणारे व्यवहारी गृहस्थ होते. तेव्हां किराणा, पिठाची गिरणी, शिवणकाम किंवा चहाचें दुकान ज्याला एकट्याच्या मालकीनें काढावयाचें आहे, त्यानें काय जाणावें, याचा आज विचार करूं.

पहिली गोष्ट अशी कीं, एकट्याच्या मालकींत कायदा मालक निराळा आणि दुकान निराळें असें मानीत नाहीं. नफा झाला तर तो सगळा तुमचा; पण देणें झालें तर तेंहि सगळें तुमचेंच. कुलूप लावल्यानें देणें फिटत नाहीं. ज्याचें देणें असेल तो कोर्टांतून तुमच्या इतर मालमत्तेपर्यंत पोंचूं शकतो. असें असतांना मंडप, वाजंत्री आणि मोठाल्या फलकांसाठीं कर्ज काढणें हा शुद्ध वेडेपणा होय. भटजीला मुहूर्त विचारूं नका. गांवच्या बाजाराचा दिवस पाहा आणि दुकान उघडा.

दुसरी गोष्ट कागदांची. येथें पूर्वीच्या भटजीच्या जागीं आतां दलाल येऊन बसला आहे. तो कायद्याची भीति घालून पैसे उपटतो. खरें पाहतां अशा धंद्याला कंपनीसारखी नोंदणी लागत नाहीं; मालकाचा पॅन तोच धंद्याचा पॅन. 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावर फुकट होते. दोनचार माणसांच्या दुकानानें शॉप अॅक्टखालीं नुसती सूचना द्यावयाची असते. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यानें मात्र अन्नसुरक्षेची नोंदणी केलीच पाहिजे. राज्यांतल्या राज्यांत माल विकून वर्षाची विक्री ४० लाखांच्या आंत राहत असेल, तर सर्वसाधारणपणें जीएसटीची नोंदणी सक्तीची नाहीं. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत ५० हजारांपर्यंतचें 'शिशु' कर्ज तारणावांचून देण्याची सोय आहे. तें मागतांना मान खालीं घालूं नका, आणि फेडतांना हप्ता चुकवूं नका. आणखी एक. घरची बाई दिवसभर गल्ल्यावर बसत असेल, तर कागदहि तिच्याच नांवें करा. श्रम तिचे आणि मालकी नवऱ्याची, हा न्याय सत्यशोधकाला शोभत नाहीं.

तिसरी गोष्ट वहीची, आणि तीच सर्वांत मोठी. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुप्याचे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हां त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनीं जाळले. कां बरें? कारण लिहिणारा हात दुसऱ्याचा, आणि आपला नुसता अंगठा! आज आपण लिहितों, वाचतों. तरी दुकानाचा हिशेब डोक्यांत ठेवितों. मग त्या अंगठ्यांत आणि आपल्या शिक्षणांत फरक तो काय राहिला? रोज रात्रीं रोजमेळ स्वतःच्या हातानें लिहा. दुकानाचें बँकखातें घरच्या खात्याहून निराळें ठेवा. घरासाठीं साखरेची पुडी उचलली तरी ती 'उचल' म्हणून मांडा. महिन्याअखेर आपली स्वतःची मजुरी वजा करून काय उरलें तें पाहा. कांहींच उरत नसेल, तर दुकान आपल्याला खात आहे असें समजा आणि वेळींच सावध व्हा.

चौथी गोष्ट गिऱ्हाइकांसाठीं आहे. शंभर रुपयांच्या विक्रींत दहा रुपये सुटतात असें धरा. हजाराची उधारी बुडाली म्हणजे नऊशेंचा माल गेला. ते नऊशें भरून काढावयास नऊ हजारांची नवी विक्री पाहिजे! शेटजीच्या पेढीवर आपण निमूटपणें रोख मोजतों, आणि आपल्या भावाच्या दुकानीं मात्र "लिहून ठेव" म्हणतों. मग त्याचें दुकान बसलें कीं आपणच म्हणतों, "धंदा हें आपलें काम नव्हे!"

राजर्षि शाहू महाराजांच्या कारकीर्दींत (१८९४ ते १९२२) कोल्हापुरांत गंगाराम कांबळे या दलित गृहस्थानें महाराजांच्या साह्यानें चहाचें हॉटेल काढिलें. त्याच्या हातचा चहा घेण्यास लोक धजेनात. तेव्हां महाराज स्वतः तेथें थांबून चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींनाहि घ्यावयास लावीत. भांडवल देणारे पुष्कळ भेटतील. गिऱ्हाईक होऊन उभा राहणारा राजा विरळा. आज दुकान कोणाचें तें पाहून ज्याचें पाऊल मागें फिरतें, त्यानें शाहू महाराजांच्या तसबिरीला हार घालूं नये.

तरुणांनो, तुम्हीं वही लिहावी. वडील मंडळींनो, आपण गांवच्या दुकानदाराची बाकी उद्यां सकाळीं चुकती करावी. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.