राजभवनाआधीचं आकाश



१९८२ ते ८५ महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले इद्रिस हसन लतीफ मूळचे वैमानिक. हैदराबादचे लतीफ १९४२ मध्ये, वयाची विशीही पूर्ण नसताना, हवाई दलात अधिकारी झाले. महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी हरिकेन विमान चालवलं. १९४७ ला सैन्याचीही वाटणी झाली. पाकिस्तानात जायची मुभा होती, सोबतचे काही गेलेही. लतीफ इथेच राहिले. १९७८ मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले.

देशप्रेमाचा दाखला कुणी मागितला की आपण चिडतो, नाहीतर गप्प बसतो. लतीफ काम करत राहिले. बारावीला फिजिक्स, गणित असेल तर एनडीएतून हवाई दलाची वाट खुली आहे, आता मुलींनाही. यंदा फॉर्म कोण भरणार?