हातात एकच दिवस असेल तर जोगेश्वरीला या

या भागाची सुरुवात माझ्या एका गाढवपणापासून करतो.

कॉलेजचा मित्र नागपूरहून आला होता. रात्री परतीची गाडी, हातात एक सोमवार. म्हणाला, "घारापुरी दाखव." आम्ही अंधेरीहून लोकलने लटकत चर्चगेट गाठलं, तिथून गेटवे. आणि तिथे कळलं की घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात! एवढी वर्षं मुंबईत राहतो मी. हसा, हसा.

तो चिडला नाही. फक्त विचारलं, "तुझ्या घराजवळ काहीच नाही का रे?"

होतं ना. रिक्षाने फार तर वीस मिनिटांवर. आणि मी स्वतः आत कधी गेलो नव्हतो.

तर जोगेश्वरी पूर्व. बाहेरून काहीच कळत नाही. वस्ती, गल्ली, दुचाक्या आणि मग अचानक जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या पायऱ्या. वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन कला-इतिहासकार होते, अजिंठ्यावर आयुष्य घालवलेले. त्यांनी हे लेणं साधारण इसवी सन ५२० ते ५५० मधलं मानलं, म्हणजे घारापुरीच्याही आधीचं. ज्या घारापुरीसाठी आपण तासभर बोटीत बसतो, तिची मोठी बहीण हायवेच्या बाजूला बसली आहे.

आत गेलात की आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग वीस खांबांचा मोठा चौक दिसायला लागतो. मधोमध गाभारा आणि त्याला चारही दिशांना दारं. घारापुरीच्या लिंगाच्या गाभाऱ्याची रचनाही अशीच आहे. फरक एवढाच की इथे जोगेश्वरी देवीची रोज पूजा होते. दिवा, फुलं, घंटा, सगळं चालू. माझ्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टीम दीड हजार वर्षं जुनी आहे आणि अजून प्रॉडक्शनमध्ये आहे.

भिंतींवर शिव-पार्वतीचं लग्न आहे, सारीपाट आहे, दारावर लकुलीश आहे. पण सगळं इतकं झिजलंय की आधी माहीत नसेल तर ओळखू येत नाही. मित्र वैतागला, "काय वाट लावलीये लोकांनी!"

मलाही तसंच वाटलं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की दोष सगळा लोकांचा नाही. हा दगड म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत अडकलेल्या तुकड्यांचा खडक, ब्रेशिया म्हणतात त्याला. आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणाइतका तो टणक नसतो. पाणी मुरलं की सुटायला लागतो.

आणि पाणी मुरतं वरून. म्हणून आम्ही वर गेलो. लेण्याच्या डोक्यावर आणि भोवती घरं आहेत. एक काकू भांडी घासत होत्या. मोबाइल बघून म्हणाल्या, "शूटिंगवाले का तुम्ही?" नाही म्हटल्यावर बोलायला लागल्या. "खाली पाणी गळलं की आमचं नाव. आणि आम्ही पत्रा बदलायला काढला की परवानगी आणा."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे. त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण, आणि आतल्या पट्ट्यात जुन्या घराची डागडुजीसुद्धा परवानगीनेच. त्यामुळे आजूबाजूला टॉवर उठतात आणि ही घरं आहेत तशीच राहतात. इथल्या अतिक्रमणांचा वाद हायकोर्टापर्यंत गेला. लेणं वाचलंच पाहिजे, यात मला शंका नाही. पण काकूंनी कुठे जायचं, हे मला माहीत नाही. आहेत ती गटारं तरी नीट करता येतील. त्यासाठी कुणाला उठवायची गरज नाही. असो.

तिथून आम्ही मेट्रो पकडली. जोगेश्वरी पूर्वहून मार्ग ७ ने दहिसर पूर्व, तिथून २ए वर मंडपेश्वर. स्टेशनलाच लेण्याचं नाव आहे! हेही साधारण सहाव्या शतकातलंच शैव लेणं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी याचं चर्च केलं, वर मठ बांधला, त्याचे अवशेष अजून उभे आहेत. एका भिंतीवर दगडात कोरलेला मोठा क्रूस आहे. आणि जवळच्याच दालनात नाचणारा शिव. १७३९ पर्यंत पोर्तुगीज साष्टीतून गेले. आज लिंगाची पूजा होते आणि क्रूसही तिथेच आहे. मित्र त्या दोघांच्या मध्ये बराच वेळ बसून राहिला. मी घड्याळ बघत होतो, त्याला गाडी होती.

जाणार असाल तर टॉर्च घ्या, मोबाइलचा चालेल. चपला सहज काढता येतील अशा घाला. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात. दोन्हींना तिकीट नाही. आणि सोमवारी गेलात तरी चालतं, फक्त गर्दी थोडी जास्त. शंकराचा वार ना.